नवीन रेसलिंग फिगर लाइन काढणाऱ्या मंडळींना खुलं पत्र : आधी जोड लावा

नमस्कार,

हे पत्र खरं तर एकाच कंपनीला लिहायचं होतं. मागच्या महिन्यात त्यांचा दोन ओळींचा मेल आला, की त्यांच्या रेसलिंग फिगर्सची, म्हणजे टीव्हीवरच्या कुस्तीगिरांच्या खेळण्यातल्या पुतळ्यांची, सिरीज दोन (दुसरी खेप) रद्द केलीय, ज्यांनी पैसे भरलेत त्यांना परत मिळतील. बास, एवढंच. नाव मी घेणार नाही, पैसे परत आलेत आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये. पण गप्प बसवेना म्हणून लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की हे त्या एका कंपनीपुरतं नाहीच. आज जे कुणी रेसलिंग फिगर्सची नवीन लाइन काढायच्या तयारीत आहेत, कॉम्प्युटरवर केलेली चित्रं सोशल मीडियावर टाकून टाळ्या घेतायत, लायसन्सच्या (रेसलरचं नाव-चेहरा वापरायच्या परवानगीच्या) कागदांवर सह्या करतायत, त्या सगळ्यांनी हे वाचावं. माझ्यासारखे जे विकत घेतात त्यांनीही वाचावं.

आधी माझा यात संबंध काय ते सांगतो. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वाढलो, आता पुण्यात नोकरी करतो, चाळिशी ओलांडलीय. आमच्याकडे केबल आली तेव्हा मी शाळेत होतो आणि ट्रम्प कार्डवरची सगळ्यांची वजनं आणि उंच्या मला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. मस्कतला असलेल्या मामाने एका सुट्टीत हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीचा अंडरटेकर (त्या नावाच्या रेसलरची फिगर) आणून दिला. साडेचार इंचाचा, टणक प्लॅस्टिकचा, काळे कपडे, चेहरा पांढराफटक. अख्ख्या आळीत तसली वस्तू कुणाकडे नव्हती. पहिले दोन दिवस नुसता हातात धरून हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी प्रश्न पडला की याला लढवायचा कुणाशी?

तेव्हा गणपतीची उरलेली शाडू माती घेऊन मी योकोझुना हा दुसरा रेसलर केला. जानेवारी १९९४ च्या रॉयल रंबल या शोमध्ये या दोघांची कास्केट मॅच (समोरच्याला शवपेटीत बंद करायची कुस्ती) झाली होती, ती डोक्यात होती. पाटाच्या चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले, सुतळीचे तीन-तीन पदर ओढले आणि झाली रिंग. माती वाळली तशी योकोझुनाच्या खांद्याला भेग गेली, तिसऱ्या मॅचला हात निखळला, मी पाणी लावून परत चिकटवला, परत निखळला. अंडरटेकरच्या बोटांच्या फटीत ती पांढरी माती जाऊन बसलीय, अजून आहे, टाचणीने काढायचा प्रयत्न मी कधी केला नाही.

माझे आजोबा मला जत्रेच्या कुस्त्यांना घेऊन जायचे. हलगी वाजत असायची, आणि मैदानाच्या पोस्टरवर कायम दोन-दोन पैलवानांचे फोटो, मधे 'विरुद्ध'. एकट्याचा फोटो मी कधी बघितला नाही. आजोबा म्हणायचे, पैलवान कितीही दांडगा असू दे, जोड बरोबरीची लागली नाही तर माणसं उठून जातात. दारासिंग म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडात पाठोपाठ किंगकाँग पैलवान येतो तो त्यामुळेच. आता तुम्ही म्हणाल ती खरी कुस्ती आणि टीव्हीवरची ती नुरा कुस्ती. असेना का! नुरा कुस्तीला तर जोड जास्तच लागते, कारण तिथं सगळी मजा दोघांच्या भांडणात असते.

आणि मला जे सांगायचंय ते हेच आहे. रेसलिंग फिगर हे एकट्याने उभं राहणारं खेळणं नाही. सुपरहिरो एकटा शेल्फवर शोभतो, गाडी एकटी शोभते, रेसलर नाही शोभत. त्याला समोर कुणीतरी लागतो, नाहीतर शेजारी पार्टनर लागतो. ज्या लाइनने हे ओळखलं ती चालली. तुमचे सांधे, तुमचं पेंट, तुमचं खोकं हे सगळं त्याच्यानंतर.

पटत नसेल तर मागे जाऊन बघा. २३ जानेवारी १९८४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हल्क होगनने आयर्न शीकला हरवून चॅम्पियनचा बेल्ट घेतला आणि त्याच वर्षी एलजेएन या कंपनीने आठ इंची रबरी फिगर्स काढायला सुरुवात केली. त्या फिगर्सना एकही सांधा नव्हता, एकही नाही, हात वर असेल तर जन्मभर वरच. तरी त्या १९८९ पर्यंत चालल्या, आजही लोक शोधतात. कारण पहिल्या खेपेतली नावं बघा : होगन आहे आणि समोर शीक आहे, पायपर आहे. आंद्रे आहे आणि समोर बिग जॉन स्टड आहे. शीक आहे आणि शेजारी त्याचा पार्टनर निकोलाय व्होल्कॉफ आहे, ज्या दोघांनी ३१ मार्च १९८५ ला रेसलमेनिया या मोठ्या शोच्या पहिल्याच खेपेला टॅग टीमचे (दोघांच्या जोडीचे) बेल्ट जिंकले. म्हणजे पोराने कुठलेही दोन-तीन घेतले तरी घरी मॅच लागत होती. पुढे त्यांनी रेसलर्सचे मॅनेजरही काढले, बॉबी हीनन काढला, जिमी हार्ट काढला, मिस एलिझाबेथ काढली, रेफरी काढला, माईक धरून बोलणारा जीन ओकरलंडसुद्धा काढला. रेफरीची फिगर कोण घेणार असं आज तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणत असेल. ज्याला मॅच लावायचीय तो घेणार!

रेमको कंपनीचं बघा. १९८५ च्या सुमाराला त्यांच्याकडे एडब्ल्यूए या रेसलिंग संस्थेचं लायसन्स होतं. अंगं सगळी एकाच धर्तीची, फुगीर दंडांची, त्यात नवीन काही नव्हतं, पण पहिली सिरीज त्यांनी दोन-दोनच्या पॅकमध्येच विकली, रोड वॉरियर्स दोघे एकत्र, फॅब्युलस वन्स दोघे एकत्र. अर्धी टीम घेऊन घरी जायची सोयच ठेवली नाही. हॅस्ब्रोनेही डेमोलिशन, रॉकर्स, बुशव्हॅकर्स, लीजन ऑफ डूम यांचे जोडीचे पॅक काढले. आणि १९९४ ला लाइन बंद व्हायच्या वेळची जी शेवटची हिरव्या कार्डची (मागचा पुठ्ठा हिरवा असलेली) खेप निघाली, जिच्यातला वन-टू-थ्री किड आज मिळता मिळत नाही, तिच्यातसुद्धा बिली गन आणि बार्ट गन दोघे आहेत. दुकान गुंडाळताना पण त्यांनी जोडी फोडली नाही हो. हे मला फार मोठं वाटतं.

फार जुनं वाटत असेल तर २०२० घ्या. मॅटेल कंपनीने २०१० पासून डब्ल्यूडब्ल्यूईचं सगळं मैदान धरून ठेवलेलं, अशा वेळी जॅझवेअर्स कंपनीने एईडब्ल्यू या दुसऱ्या रेसलिंग कंपनीची लाइन आणली. पहिल्या सिरीजमध्ये सहा जण, कोडी, ब्रँडी, केनी ओमेगा, ख्रिस जेरिको आणि यंग बक्स या टीममधले मॅट आणि निक दोघेही. मॅट पहिल्या सिरीजला आणि निक पुढच्या वर्षी, असं काही केलं नाही. ओमेगा आणि जेरिकोचं भांडण तर २०१८ च्या टोकियो डोममधल्या मॅचपासूनचं. ब्रँडीच्या रूपाने बाईही पहिल्याच सिरीजमध्ये. आणि माप असं की मॅटेलच्या कलेक्शनशेजारी उभे केले तर वेगळ्या जगातले वाटत नाहीत. माझ्या मते ती लाइन उभी राहिली ती या निर्णयांवर, पेंट वगैरे नंतर सुधारत गेलं.

आता माझ्या तक्रारी. रागाने नाही लिहीत, पण स्पष्ट लिहितो.

ज्या कंपनीचा मेल आला त्यांनी एक टॅग टीम जाहीर केली होती. माझ्या लहानपणची टीम, नाव सांगितलं तर कंपनी ओळखू येईल म्हणून सांगत नाही. दोघांची चित्रं एकत्र टाकली, जाहिरात एकत्र केली, आणि नंतर कळलं की एक जण सिरीज एकमध्ये आणि दुसरा सिरीज दोनमध्ये. का, तर एक घेतला की दुसरा घ्यावाच लागेल. हा हिशोब मला कळतो. पण गिऱ्हाईकालाही हिशोब कळतो. कितीतरी जणांनी ठरवलं की दोन्ही आल्याशिवाय एकही घ्यायचा नाही, त्यामुळे पहिला कमी खपला, पहिला कमी खपला म्हणून दुसरा रद्द झाला. ज्यांनी विश्वासाने पहिला घेतला ते अर्धी टीम घेऊन बसलेत. म्हणजे ज्याने भरवसा ठेवला त्यालाच फटका.

दुसरं, साचा कापायच्या आधी स्वप्नं विकू नका. फिगर कशी होते हे आम्हाला आता माहितीय. आधी स्कॅन किंवा स्कल्प्ट (घडवलेला नमुना), मग स्टीलचे साचे, आणि खरा खर्च त्या साच्यांचा. म्हणून धड, मांड्या, बूट हे चार-पाच जणांत वाटून वापरतात आणि डोकं तेवढं नवीन करतात. याला माझी हरकत नाही, रेमकोने तेच केलं होतं, मॅटेलही करतं. पण तुम्ही पहिल्याच वर्षी तीस नावांची यादी टाकता, साचे असतात पाच-सहा जणांचे, आणि उरलेल्या चोवीस जणांचे पैसे या सहांच्या विक्रीतून येणार असतात हे तुम्हाला माहीत असतं, आम्हाला सांगत नाही. बरं, पहिल्या सिरीजमध्ये सगळी मोठी नावं संपवायची आणि दुसरीत लोक ज्यांना ओळखत नाहीत ते टाकायचे, मग म्हणायचं मार्केटच नाही. प्रत्येक सिरीजला एक तरी असा पाहिजे की ज्याच्यासाठी माणूस दुकानात जाईल, आणि एक तरी असा की ज्याची फिगर आजवर निघालीच नाही.

माप. यावर मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात सांगतो. एलजेएन आठ इंच, हॅस्ब्रो साडेचार, मॅटेल साधारण सहा-सात, ही तीन घरं झाली आणि लोकांची कपाटं या तीन घरांत भरलेली आहेत. तुम्ही यातलं कुठलंही एक घ्या. अलीकडे छोट्या छोट्या मंडळींनी हॅस्ब्रोच्या मापात नवीन फिगर्स काढल्या आणि लोकांनी उचलल्या, कारण तीस वर्षांपूर्वीच्या रिंगमध्ये त्या बसतात. पण तुम्ही सव्वापाच इंचाचं स्वतःचंच माप काढलंत तर माझ्याकडच्या दोनशे फिगर्सपैकी एकाशीही तुमचा माणूस लढू शकत नाही, जोड लागतच नाही. आणि एकाच लाइनमध्ये उंचीतला फरक दिसला पाहिजे. खली सात फुटांच्या वर, रे मिस्टेरिओ साडेपाच फुटांच्या आसपास, दोघं शेजारी उभे केल्यावर हे लांबून कळायला हवं. प्रत्येक फिगरची उंची सेंटिमीटरमध्ये ऑर्डर घ्यायच्या आधीच लिहा, यात कसलं गुपित आहे?

क्वालिटीबद्दल, त्या अर्ध्या टीममधला जो पहिला माझ्याकडे आलाय त्याचंच सांगतो. चेहरा चांगलाय, मान्य. मॅटेलने २०१७ च्या आसपास चेहरे डिजिटल प्रिंट करायला सुरुवात केल्यापासून सगळ्यांचेच चेहरे सुधारले. पण डावा कोपर इतका घट्ट की हलेना. आपण सगळे करतो तसं मी गरम पाण्यात दीड-दोन मिनिटं धरला, फडक्याने पुसला, हळूच वाकवला, आणि आतली खुंटी शेवग्याच्या शेंगेसारखी मोडून हात माझ्या चिमटीत आला. शाडूच्या योकोझुनाची आठवण झाली, पण ती माती होती आणि माझ्या हातची होती. ही साडेतीन हजारांची फिगर, वर शिपिंग आणि ड्यूटी वेगळी. मी फोटो पाठवले, तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. इकडे त्यांच्या पेजवर पुढच्या घोषणा चालूच. लढणाऱ्या माणसाच्या खेळण्याचा कोपर लढाईत टिकला पाहिजे यापेक्षा साधी अपेक्षा कुठली असेल.

चेस फिगर्सचं, म्हणजे मुद्दाम कमी संख्येत काढलेल्या फिगर्सचं, थोडक्यात. '५००० पैकी १' छापलेलं कार्ड मलाही आवडतं, शोधण्यात मजा आहे. पण ज्या ड्रेसमध्ये तो माणूस जगाला माहितीय तोच ड्रेस चेसमध्ये टाकायचा आणि साध्या फिगरला कुठल्यातरी एका शोमधला हिरवा-पिवळा ड्रेस द्यायचा हे बरोबर नाही. तसं केलं की माल पोरांच्या हाती जात नाही, दुकान उघडायच्या आधी दारात उभ्या असलेल्या पुनर्विक्रीवाल्यांच्या हाती जातो.

रिंगबद्दल तर कुणी बोलतच नाही! रिंग नसलेली रेसलिंग लाइन म्हणजे आखाड्याशिवाय तालीम. ती महागडी, लाइटवाली, कलेक्टरसाठीची नको, साधी, पोराच्या बापाला परवडेल अशी, दोऱ्या ताणलेल्या राहतील अशी पाहिजे. पहिल्या सिरीजबरोबर पाहिजे, दोन वर्षांनी नको.

भारतातल्या गिऱ्हाइकाबद्दलही लिहितो कारण आम्हाला कुणी मोजतच नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून दुकानात विकायच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा. हे सरकारचे निर्णय, इथल्या खेळणी बनवणाऱ्यांसाठी घेतलेले, त्यावर तुमच्याशी भांडण नाही. पण यामुळे होतं काय, की एखादी फिगर मागवायची तर आम्ही तीन-चार जण मिळून एक पार्सल करतो, कुणाचा भाऊ न्यूजर्सीला असतो त्याच्याकडे ठेवतो, तो दिवाळीला येईपर्यंत थांबतो. एवढं करून घेणारा माणूस हौशी नाही, तो पक्का गिऱ्हाईक आहे. त्याला तुम्ही 'तुमच्या देशात सध्या सेवा नाही' एवढं वाक्य पैसे घेतल्यानंतर पाठवता! आधी सांगा की. सिरीज दोनचे पैसे परत दिलेत, मान्य, पण सिरीज एकची अर्धी टीम आणण्यासाठी जे शिपिंग आणि ड्यूटी गेली ती कोण देणार?

लायसन्सचा मुद्दा राहिला. कंपन्या बंद पडतात, माणसं इकडून तिकडे जातात. २००१ ला डब्ल्यूसीडब्ल्यू आणि ईसीडब्ल्यू या दोन्ही रेसलिंग कंपन्या संपल्या आणि त्यांची खेळणीही तेव्हा थांबली. कोडी २०२० ला एईडब्ल्यूच्या पहिल्या सिरीजमध्ये होता आणि एप्रिल २०२२ ला रेसलमेनियात परत डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उभा. हे तुमच्या हातात नाही, कबूल. पण कुणाशी किती काळाचा करार आहे, जुन्या दिग्गजांपैकी कुणाच्या घरच्यांची परवानगी खरंच मिळालीय आणि कुणाशी नुसती बोलणी चालू आहेत, हे सांगणं तुमच्या हातात आहे. 'लवकरच' हा शब्द वापरणं बंद करा.

तर मागण्या अशा :

टॅग टीम असेल तर दोघे एकाच सिरीजमध्ये, जमलं तर एकाच खोक्यात. सहा जणांची सिरीज असेल तर त्यातून किमान दोन मॅचेस लागल्या पाहिजेत, म्हणजे चांगला आहे तसा वाईटही पाहिजे. बायका पहिल्या सिरीजपासून, आणि एक नको, दोन, त्यांनाही जोड लागते.

साचा तयार झाल्याशिवाय पूर्ण पैसे घेऊ नका. तोवर फार तर थोडी आगाऊ रक्कम घ्या. किती ऑर्डर आल्या तर माल बनणार तो आकडा उघड ठेवा, म्हणजे कमी पडत असेल तर आम्हीच चार मित्रांना सांगू.

तारीख पुढे गेली तर तारीख पुढे गेलीय असं सांगा, कारणासकट. मोडलेल्या भागाच्या बदल्यात भाग द्या, अख्खी फिगर नको, कोपराचा तुकडा पाकिटात घालून पाठवला तरी चालेल.

अमेरिकेबाहेर माल जाणार की नाही हे पहिल्याच दिवशी लिहा. जाणार असेल तर भारतात एखादा आयात करणारा धरा, शंभर पार्सलांपेक्षा एक मोठं खोकं त्याला पाठवा, बाकी आम्ही बघतो.

आणि ज्या कंपनीमुळे हे पत्र लिहिलं तिला वेगळी एकच विनंती. दुसऱ्या पार्टनरचा रंगवलेला नमुना तुम्ही फोटोत दाखवला होता, मी तो फोटो मोठा करून करून बघितलाय, बुटाच्या लेसपर्यंत काम झालेलं आहे. म्हणजे निदान डोकं तरी तयार आहे, आणि धड तर पहिल्याचंच वापरणार होतात. ऑर्डर येतील तेवढेच बनवा, साधं पांढरं खोकं चालेल, किंमत थोडी वाढली तरी चालेल, सहा महिने थांबायची तयारी आहे. शक्य नसेल तर तेही लिहा, पण दोन ओळींत नको, कारण लिहा. माझ्याकडे पहिल्याचा हात फेव्हिक्विकने जोडून तो शेल्फवर उभा केलाय आणि उजवीकडची जागा अजून कुणाला दिलेली नाही.

उत्तराची वाट बघतोय.

तुमचा एक गिऱ्हाईक,
पुणे